व्याख्यान की कट्टा? प्रोग्रॅमिंग भाषांच्या मीटअपची समीक्षा

सिनेमाची समीक्षा होते, नाटकाची होते, पुस्तकांची तर होतेच. मीटअपची कोणी करत नाही. 'छान झाला कार्यक्रम', 'खूप शिकायला मिळालं' असं लिहून, ग्रूप फोटो टाकून आपण मोकळे होतो. कुणीतरी आपला शनिवार मोडून, फुकटात घडवून आणलेल्या गोष्टीला नावं ठेवणं बरं दिसत नाही, हे खरंच. पण मीटअप हाही एक घाट आहे. त्यात कोण कुठे बसणार, कोण बोलणार, किती वेळ बोलणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. आणि त्यावरूनच पुढच्या महिन्यात कोण परत येणार आणि कोण येणार नाही, हेही ठरतं. या लेखात मला त्या घाटाची समीक्षा करायची आहे, कुठल्याही एका गटाची नाही.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझा पीएचडीचा विषय माहीत आहे: माणसं वर्गाबाहेर प्रोग्रॅमिंगची भाषा कशी शिकतात. नव्याने येणाऱ्यांसाठी मीटअप म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. समजा तुम्ही पुण्यात नोकरी करता. ऑफिसात सगळं काम जावामध्ये. रात्री घरी मात्र तुम्ही रस्ट शिकताय, किंवा हास्केल, किंवा क्लोजर. टीममध्ये कुणाला सांगायला जावं तर पहिला प्रश्न येतो, 'याचा आपल्याला उपयोग काय?' मग कधीतरी कळतं की बाणेरला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शनिवारी अकरा वाजता याच भाषेची माणसं जमणार आहेत. तुम्ही जाता.

तिथे काय होतं? खुर्च्यांच्या रांगा. समोर पडदा. चाळीस-चाळीस मिनिटांची दोन भाषणं. प्रत्येकानंतर पाच मिनिटं प्रश्न, त्यात पुढच्या रांगेतले तेच तिघं बोलणार. मग समोसे किंवा पिझ्झा, दहा मिनिटं घोळक्यात उभं राहणं, फोटो, आणि घरी. तुम्ही ज्यासाठी गेलात, म्हणजे आपल्यासारखं दुसरं कोणीतरी भेटावं, ते झालंच नाही. शेजारच्या खुर्चीवर कोण होतं हेही कळलं नाही.

हा घाट आला कुठून?

तो आला परिषदांमधून. प्रोग्रॅमिंग भाषांच्या संशोधनात 'पॉपल' नावाची एक मोठी परिषद आहे. पहिली 1973 मध्ये बॉस्टनला झाली, आणि जानेवारी 2015 मध्ये ती मुंबईत भरली होती. अशा परिषदेत भाषण असतं याला कारण आहे. बोलणाऱ्याचं काम पूर्ण झालेलं असतं, त्याचा निबंध इतर संशोधकांनी तपासून स्वीकारलेला असतो, आणि ऐकणारे बहुतेक त्याच क्षेत्रातले असतात. भाषण म्हणजे तिथे जाहिरातच: 'हे मी केलंय, वाचा, आणि बाहेर भेटा.' खरी देवाणघेवाण होते ती बाहेरच्या व्हरांड्यात, चहाच्या टेबलाशी, रात्रीच्या जेवणाला. आणि परिषद तीन-चार दिवस चालते, म्हणून व्हरांड्यालाही वेळ मिळतो.

मीटअपने परिषदेचं व्यासपीठ उचललं आणि व्हरांडा तिथेच ठेवला. दोन तासांपैकी दीड तास व्यासपीठ, उरलेल्यात खाणं. नेमकं जे स्थानिक भेटीतच मिळू शकतं त्याला उरलासुरला वेळ.

आता तुम्ही म्हणाल, भाषणात वाईट काय? पुण्यात बसून भाषणाविरुद्ध बोलणं तसं धाडसाचंच. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला हे या गावाचं भूषण आहे. मला तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. व्याख्यानमालेचं काम वेगळं: एखादा विषय लोकांपुढे आणणं, श्रोता तयार करणं. व्याख्यान ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी इतिहासकार व्हावा अशी तिची अपेक्षा नसते. भाषेच्या मीटअपची अपेक्षा मात्र तीच असते. ऐकणाऱ्याने घरी जाऊन त्या भाषेत काहीतरी लिहावं, टिकून राहावं, जमल्यास ती ऑफिसात न्यावी. श्रोता तयार करणारा घाट वापरून कारागीर तयार करायला निघालो, तर तिथेच घोडं पेंड खातं.

लोक भाषा का धरतात?

इथे एका संशोधनाबद्दल सांगते. लिओ मेयेरोविच आणि एरियल रॅबकिन या दोघांनी 2013 च्या 'उप्स्ला' परिषदेत एक निबंध मांडला. प्रश्न साधा होता: प्रोग्रॅमर एखादी भाषा निवडतात ती कशामुळे? त्यासाठी त्यांनी सोर्सफोर्जवरच्या 2 लाखांहून अधिक प्रकल्पांची माहिती पाहिली, आणि 1,000 पासून 13,000 पर्यंत प्रोग्रॅमर्सनी उत्तरं दिलेली वेगवेगळी सर्वेक्षणं तपासली.

निष्कर्ष भाषाप्रेमींना जरा झोंबणारा आहे. निवडीवर जास्त प्रभाव पडतो तो तयार लायब्रऱ्यांचा, आधीपासून असलेल्या कोडचा, आणि आपल्याला किंवा टीमला त्या भाषेचा अनुभव आहे की नाही याचा. भाषेचे अंगभूत गुण, म्हणजे वेग, विश्वासार्हता, अर्थाची स्वच्छ मांडणी, हे तुलनेने मागे पडतात.

आता मीटअपमधली भाषणं आठवून बघा. 'अमुक भाषेची टाइप सिस्टिम', 'तमुक भाषेत मेमरी कशी सांभाळतात', 'या भाषेत चूक होऊच कशी शकत नाही'. सगळा भर भाषेच्या गुणांवर! म्हणजे जी गोष्ट माणसाचं मन सहसा वळवत नाही, तिच्यावर आपण चाळीस मिनिटं घालवतो. आणि जी वळवू शकते, म्हणजे ही भाषा रोज वापरणारा हाडामांसाचा माणूस, तो दोन खुर्च्या सोडून गप्प बसलेला असतो. 'डेटाबेसला जोडायला तुम्ही कुठली लायब्ररी वापरता?' एवढं त्याला विचारायची सोयही आपण ठेवत नाही.

हा निबंध मीटअपबद्दल काही म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्या. वरची जोडणी माझी आहे. पण एवढं तर उघड आहे की भाषेच्या गुणांचं उत्तम विवेचन आज घरबसल्या मिळतं, खुद्द भाषा बनवणाऱ्यांच्या तोंडून मिळतं. रविवारी पाहिला तरी तो व्हिडिओ तसाच असतो. शनिवारी रिक्षाचे दोनशे रुपये घालून जे मिळवायला आपण बाहेर पडतो, ते म्हणजे शेजारचा माणूस.

काजं-बटणं आणि कापड बेतणं

शेजारच्या माणसाकडून शिकणं म्हणजे नेमकं काय, यावरचं एक पुस्तक माझ्या विषयात सतत उद्धृत होतं: जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांचं 1991 मधलं 'सिच्युएटेड लर्निंग'. पुस्तक छोटंसंच आहे. त्यांचं म्हणणं असं की शिकणं म्हणजे डोक्यात माहिती भरणं एवढंच नव्हे. एखादं काम करणाऱ्यांच्या मेळ्यात कडेने शिरून हळूहळू आत सरकणं, हे शिकणं. याला त्यांनी जे नाव दिलंय त्याचा मराठी अर्थ मी 'परिघावरचा रीतसर सहभाग' असा करते. रीतसर हा शब्द महत्त्वाचा. नवख्याला तिथे असण्याचा हक्क असतो, आणि त्याचं काम लहान असलं तरी खरं असतं.

त्यांच्या दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

पहिलं लायबेरियातल्या वाय आणि गोला शिंप्यांचं. तिथे शिकाऊ मुलगा कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी शेवटची कामं करतो: बटणं लावणं, कडा दुमडून शिवणं. मग शिवण. बेतणं सगळ्यात शेवटी. कपडा तयार होण्याचा क्रम एक, शिकण्याचा क्रम बरोबर उलटा. आपल्याकडच्या टेलरच्या दुकानातही हे दिसतं, काजं-बटणं करणारा पोऱ्या कात्रीला हात लावत नाही. यात शहाणपण आहे. बटण चुकलं तर उसवता येतं, बेतलेलं कापड वाया जातं. शिवाय बटणं लावता लावता पूर्ण कपडा कसा असतो हे रोज हाताखालून जातं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या खाटिकांचं, आणि ते फसलेल्या शिक्षणाचं आहे. शिकाऊ माणसाला मांसाची पाकिटं गुंडाळण्याच्या यंत्राशी बसवत. ते यंत्र अशा जागी होतं की अनुभवी माणसं मांस कापतात कशी हे तिथून दिसतच नसे. एकाच छपराखाली, एकाच धंद्यात, पण शिकणं नाही. कारण काम दिसत नाही, फक्त तयार पाकीट दिसतं.

मीटअपचं भाषण हे तयार पाकीट आहे. पडद्यावरचा कोड आधीच चालवून, धुऊनपुसून आणलेला असतो. कंपायलरने रात्री दोन वाजता काय तोंड वेंगाडलं होतं, ती चूक कशी वाचायची, कुठल्या ओळीकडे दुर्लक्ष करायचं, कधी नाद सोडून दुसरी लायब्ररी घ्यायची, हे त्यात नसतं. आणि भाषा शिकताना माणूस अडकतो तो इथेच. बहुतेक वक्ते तर थेट कापड बेतायलाच घेतात: भाषेच्या गाभ्यातली सगळ्यात अवघड कल्पना पहिल्या स्लाइडवर. बटणं लावण्याजोगं काम नवख्याच्या हातात कोणी देतच नाही.

मग कट्टा बरा?

यावर एक उत्तर नेहमी येतं: 'मग भाषणं बंद करू, नुसतं जमू. कट्टा करू.' चहाच्या टपरीवर सात-आठ जण, ना विषय, ना वक्ता. ऐकायला फार गोड वाटतं. मीही अशा कट्ट्यांवर बसलेय, आणि मला तिथे मजा येते. मात्र मजा येते ती आता, त्या माणसांची ओळख झाल्यावर.

अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांचा एक निबंध आहे. शीर्षकाचा अर्थ साधारण 'रचनाहीनतेची जुलूमशाही'. मूळ भाषण 1970 चं, नंतर ते छापलं गेलं. त्यांचा मुद्दा असा की रचना नसलेला गट नसतोच. नियम लिहून ठेवले नाहीत तर नियम नाहीसे होत नाहीत, ते फक्त आतल्या माणसांनाच माहीत राहतात. मैत्रीचं जाळं हीच सत्ता होते. आणि ती सत्ता कुणी कुणाला दिलेली नसल्यामुळे काढूनही घेता येत नाही.

फ्रीमन चळवळीतल्या गटांबद्दल लिहीत होत्या, पण भाषाप्रेमींच्या कट्ट्याला हे वर्णन अगदी चपखल बसतं. चार जुने दोस्त, त्यांचे जुने विनोद. नवी मुलगी येते, 'मोनॅड म्हणजे काय?' विचारते. 'अगं, तुला मोनॅड माहीत नाही?' सगळे हसतात. दुष्टपणे नाही, सवयीने. ती पुन्हा येत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 पासून चालणाऱ्या रिकर्स सेंटर या प्रोग्रॅमर्सच्या निवासी नसलेल्या शाळेत याविरुद्ध चक्क लेखी नियम आहे: समोरच्याला एखादी गोष्ट माहीत नाही याचं आश्चर्य दाखवायचं नाही. नियम पोरकट वाटतो खरा. पण तो लिहिलेला असल्यामुळे पहिल्या दिवशी आलेला माणूसही त्यावर बोट ठेवू शकतो. फ्रीमन यांना नेमकं हेच हवं होतं.

कट्ट्याचे न लिहिलेले नियम आणखीही असतात. वेळ: बुधवारी संध्याकाळी साडेसातला. जागा: हिंजवडीला, तिसऱ्या फेजमध्ये. ज्याच्याकडे गाडी आहे आणि घरी कुणी वाट पाहत नाही, त्याला ही वेळ सोयीची. पिंपरीहून बसने येणाऱ्या विद्यार्थिनीला ती दारातूनच परत पाठवते. कुणी तिला 'येऊ नको' म्हटलेलं नसतं. नंतर मात्र आपणच खेदाने म्हणतो, 'मुली येतच नाहीत हो.'

आणि भाषा. आता प्रोग्रॅमिंगची नाही, बोलायची. पुण्यातल्या मीटअपमध्ये सगळे इंग्रजीत बोलतात. खोलीत तमिळ, बंगाली, हिंदी, मराठी बोलणारे असतात, त्यामुळे व्यासपीठावरून इंग्रजी असणं समजण्यासारखं आहे. पण सातारा-सोलापूरकडून शिकून आलेल्या पोराला प्रश्न मराठीत सुचलेला असतो. तो इंग्रजीत जुळवेपर्यंत माईक पुढे गेलेला असतो. मग तोच प्रश्न जिन्यात, हळू आवाजात, मराठीतून विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न असतो.

एका गॅरेजमधली वेळपत्रिका

व्याख्यान हवं तर नवखा मुका, कट्टा हवा तर नवखा बाहेर. यातून वाट आहे का? आहे, आणि ती पन्नासेक वर्षं जुनी आहे.

5 मार्च 1975 ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये 32 माणसं जमली. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ही पहिली बैठक. स्टीव्ह वॉझनियॅक याच क्लबात आपल्या यंत्राची आकृती घेऊन येत असे, त्यातून अ‍ॅपल उभी राहिली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण क्लब चालायचा कसा, हे सहसा कुणी सांगत नाही.

गर्दी वाढल्यावर बैठका स्टॅनफर्डच्या अ‍ॅक्सेलरेटर केंद्राच्या सभागृहात होऊ लागल्या आणि ली फेल्सेनस्टाइन त्या चालवू लागले. त्यांनी बैठकीचे दोन भाग पाडले. पहिल्याचं नाव 'मॅपिंग'. लोकांनी एकेक करून उभं राहायचं आणि थोडक्यात सांगायचं: मी काय करतोय, माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय. चर्चा तिथे करायची नाही. दुसऱ्या भागाचं नाव 'रँडम अ‍ॅक्सेस'. आता उठा आणि मघाशी ज्याचं बोलणं ऐकून कान टवकारले होते, त्याच्याकडे जा.

बस, एवढंच! पण यात काय साधलंय ते पाहा. व्हरांडा हाच मुख्य कार्यक्रम झाला. आणि व्हरांड्यात कुणाशी बोलायचं हे मैत्रीवर न राहता पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांसमोर उघड झालं. नवख्याला 'मला हे जमत नाहीये' असं म्हणण्याची रीतसर पाळी मिळाली. व्याख्यानाची शिस्त आणि कट्ट्याची मोकळीक, दोन्ही एका वेळपत्रिकेत.

हा क्लब यंत्रांचा होता, भाषांचा नव्हता, हे खरं. पण घरी यंत्र जोडून झालं की पुढचा प्रश्न येतो, याच्याशी बोलायचं कोणत्या भाषेत? आल्टेअर या यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांची बेसिक होती, पण ती विकत घ्यावी लागे. तिच्या टेपच्या नकला क्लबात वाटल्या गेल्या आणि फेब्रुवारी 1976 मध्ये गेट्स यांनी छंदिष्टांना उद्देशून ते प्रसिद्ध रागावलेलं पत्र लिहिलं. ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्या शेजारी घडलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

त्याच मेन्लो पार्कमधल्या पीपल्स कॉम्प्युटर कंपनी या गटाच्या वार्तापत्रात डेनिस अ‍ॅलिसन यांनी 1975 मध्ये एका चिमुकल्या बेसिकचा आराखडा मांडला: टायनी बेसिक. फक्त पूर्णांक, मोजक्या आज्ञा, दोन-तीन किलोबाइटमध्ये मावेल एवढीच. वाचकांना सांगितलं, तुमच्या यंत्रावर ही बनवा आणि आम्हाला कळवा. टेक्सासमधल्या टायलर गावच्या डिक व्हिपल आणि जॉन अर्नल्ड यांनी ती बनवून पाठवली. हा सगळा पत्रव्यवहार आणि कोड छापायला जानेवारी 1976 मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' सुरू झालं. पुढे पालो आल्टोच्या ली-चेन वांग यांनी आपली आवृत्ती काढली आणि वर 'सर्व हक्क राखीव' या ओळीची टिंगल करणारी ओळ टाकली.

वाय शिंप्याच्या दुकानातलं बटण म्हणतात ते हेच. टायनी बेसिकचा जीव मुद्दामच लहान ठेवलेला होता. ती आपण बनवू शकतो असं वाचणाऱ्याला वाटावं, इतका लहान. भाषेबद्दल ऐकण्याऐवजी माणसं भाषा बनवायलाच बसली.

असंच काम 1978 मध्ये स्थापन झालेल्या फोर्थ इंटरेस्ट ग्रूपने केलं. हे तर थेट एका भाषेच्या चाहत्यांचं मंडळ. चक मूर यांची फोर्थ ही भाषा त्यांनी प्रोसेसर वाटून घेऊन, कुणी या चिपसाठी तर कुणी त्या चिपसाठी, लिहून काढली आणि सगळा कोड छापून सार्वजनिक केला. मग गावोगावी शाखा निघाल्या. शाखेत जाणाऱ्याला करायला काहीतरी होतं.

क्लबाचं कौतुक पुरे

होमब्रूच्या गोष्टी आपण फार भाविकपणे सांगतो, म्हणून दुसरी बाजूही मांडते. तिथे जवळजवळ सगळे पुरुष होते. अनेक जण आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत नोकरीला होते, सुटे भाग आणि मोजमापाची साधनं त्यांच्या हाताशी होती. रीतसर पाळी मिळत होती, पण दारापर्यंत पोचलेल्यांनाच. चांगली वेळपत्रिका खोलीतलं अंतर कमी करते. खोलीपर्यंतचं अंतर तिला कमी करता येत नाही. त्यासाठी जागा आणि वेळ वेगळी निवडावी लागते.

आणखी एक. टेक्सासचे दोघं त्या गॅरेजमध्ये कधी बसले नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचला तो छापलेला कागद. होमब्रूचंही वार्तापत्र होतं, पहिल्याच महिन्यापासून, फ्रेड मूर ते काढत. स्थानिक भेटीचं मोल भेटीच्या बाहेर नेतं ते लिखाण. आपल्या मीटअपमागे उरतं काय? फोटो आणि स्लाइडची लिंक. कुणाला काय हवं होतं, कुणाचं काय अडलं, ते शेवटी सुटलं का, याची एका पानाचीही नोंद नसते. न आलेल्याला पुढच्या वेळी यावंसं का वाटावं?

भाषणंच का होतात?

यात आयोजकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते: भाषणांना चिकटून राहण्यामागे आळस नाही, हिशेब आहे. मीटअप ही कंपनी 2002 पासून ज्या सेवेचा व्यवसाय करतेय तिचे पैसे बहुधा आयोजकालाच भरावे लागतात. खोली एखादी कंपनी देते, तिला पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलायचे असतात, शक्य झालं तर माणसं हेरायची असतात. वक्त्याचं नाव टाकलं की नोंदणी होते. 'या, आणि आपापलं अडलेलं काम घेऊन या' असं लिहिलं तर किती जण येतील याची धास्ती वाटते. भाषणात एकाने तयारी करायची आणि चाळीस जणांनी बसायचं. एकट्यादुकट्या आयोजकाला परवडणारा हाच घाट आहे.

हे मला मान्य आहे. पण मग आपण काय मोजतो हेही बघायला हवं. नोंदणी किती, हजेरी किती, एवढंच मोजलं तर भाषणच जिंकणार. पहिल्यांदा आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले, हे मोजायला लागलं की हिशेब बदलतो. आठ जणांची भेट, ज्यातले सहा पुढच्या महिन्यात परत येतात, ती साठ जणांच्या कार्यक्रमापेक्षा भाषेसाठी जास्त काम करत असते.

यातून तुम्हाला काही सुरू करायचं असेल, तर माझी मांडणी अशी राहील. महिन्यातला एक ठरलेला शनिवार, ठरलेली जागा, दिवसाउजेडी, बसने किंवा लोकलने जाता येईल अशी. कॉलेजची लॅब किंवा वाचनालयाची खोली कंपनीच्या कॅन्टीनपेक्षा बरी, कारण गेटवर ओळखपत्र दाखवावं लागत नाही. पहिला अर्धा तास फेरी: प्रत्येकाला दोन मिनिटं, माझ्याकडे काय आहे आणि मला काय हवंय. दोन मिनिटांत जी भाषा तोंडात येईल ती चालेल, मराठीतून सांगितलेलं शेजारच्याने इंग्रजीत करून द्यावं. मग अर्धा तास एकाचंच अर्धवट काम पडद्यावर, चुकांसकट. न चालणारा कोड आणायचा, चालणारा नाही. त्यानंतरचा तास मोकळा, ज्याला ज्याच्याकडे जायचं तिकडे. आणि निघण्यापूर्वी एक पान नोंद. ती नोंद त्या दिवशी पहिल्यांदा आलेल्या माणसाने लिहायची, जुन्याने मदतीला बसायचं. हे आपलं काज-बटण: लहान, खरं, आणि लिहिणाऱ्याला सगळं ऐकायला लावणारं.

भाषण हवंच असेल तर वर्षातून दोनदा ठेवा, चांगल्या वक्त्याला बोलवा, आणि त्याला व्याख्यान म्हणा.

तोपर्यंत, पुढच्या मीटअपला गेलात तर एवढं करून बघा. फोन बाजूला ठेवा आणि खोलीत पहिल्यांदा आलेली माणसं कोण ते ओळखा. घरी निघताना त्यांच्यापैकी कुणाचा आवाज तुमच्या कानावर पडला होता, ते आठवा. एकाचाही नसेल, तर त्यातल्या एकाला जिन्यात गाठून विचारा, 'तुमचं काय अडलंय?' मराठीतून विचारलंत तरी चालेल.